बावीस तासांचा देव

राहनाळ गावात केसरीनाथ पाटलांचे गोदामाचे तीन गाळे आहेत. पुढचे दोन कायम मालाने भरलेले असतात. तिसरा मागच्या अंगाला आहे आणि तिथे कंटेनर वळत नाही, म्हणून तो वर्षभर रिकामा पडला होता. त्यात केसरीनाथांची सून निशा हिने धिंगरी अळंबी लावायचं ठरवलं तेव्हा घरात ज्याने त्याने मत दिलं. सासऱ्यांचं म्हणणं असं, की कुत्र्याने तंगडी वर केल्यावर जी वस्तू आपोआप उगवते, ती शहाणा माणूस मुद्दाम लावत नाही. नवरा प्रितम म्हणाला, वास आला तर मला सांगायचं नाही. सासू कमळ काहीच बोलली नाही. चौसष्ट वर्षांत तिचं मत कोणी विचारलं नव्हतं, त्यामुळे ते तयार ठेवायची तिला सवय नव्हती.

निशा जवळच्याच कामतघरची. सूक्ष्मजीवशास्त्रात पदवी घेऊन लग्नाआधी तिने तीन वर्षं एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढली होती. तिच्या मदतीला चंद्रा यायची. आतल्या गावातली कुणबी बाई, पावसाळ्यात स्वतःची भातशेती आणि एरवी मिळेल ते काम करणारी. पेंढा चांगला कोणता आणि कुजका कोणता हे ती नुसत्या वासावरून सांगायची. दोघींनी मिळून पेंढा ड्रमात उकळला, निथळला, अळंबीचं बियाणं थरांमध्ये पेरत सहा फुटी प्लास्टिकच्या पिशव्या भरल्या, त्यांना भोकं पाडली आणि गाळ्यात खांबांसारख्या टांगल्या. एकूण चाळीस. पहिले अठरा-वीस दिवस अळंबीला अंधार लागतो, म्हणून खिडक्यांना काळं कापड लावलं.

तिसऱ्या दिवशी कोपऱ्यातल्या पिशवीच्या तळाशी शेंदरी रंगाचा पट्टा दिसला. चौथ्या दिवशी, चार बोटं वर, आणखी एक. मध्ये फिकट, जवळजवळ पांढरी जागा.

"वैनी, हे आपलं न्हाय," चंद्रा म्हणाली.

"पावावरची नारिंगी बुरशी आहे," निशा म्हणाली. "एक नंबरची पसरणारी जात. पिशवी उतरव, थेट उकळत्या पाण्यात."

नेमकी त्याच वेळी कमळ दोघींचा चहा घेऊन दारात उभी होती. तिने ट्यूबलाइटच्या उजेडात ते दोन पट्टे बघितले. सारख्या अंतरावर, सारख्या जाडीचे, कोणी तरी बोटाने शेंदूर ओढावा तसे. तिने चहा खाली ठेवला, पायातल्या चपला काढल्या आणि हात जोडले.

"निशा गो, त्याला हात लावू नको," ती म्हणाली.

निशा सांगायला गेली, की आई, ही बुरशी आहे, ही राहिली तर बाकीच्या एकोणचाळीस पिशव्या जातील. पण सासूने लग्नापासूनच्या सहा वर्षांत पहिल्यांदाच काही तरी मागितलं होतं, आणि तेही स्वतःसाठी. निशाने ती पिशवी कोपऱ्यातच ठेवली. बाकीच्या दुसऱ्या टोकाला हलवल्या आणि मध्ये प्लास्टिकचा पडदा लावला. ही चूक होती, हे तिला पडदा लावतानाच माहीत होतं.

दुसऱ्या दिवसापासून कमळ रोज संध्याकाळी सातला तिथे आरती करू लागली. आरती कोणाची करायची हा प्रश्न होता, कारण देव कुठला ते देवाने सांगितलं नव्हतं. तिने येत होत्या तेवढ्या सगळ्या आरत्या ओळीने म्हणून टाकल्या, म्हणजे ज्याची असेल त्याला पोचली. दहा मिनिटं ट्यूबलाइट, घंटी, मग पुन्हा अंधार आणि कुलूप. आणि रोज त्या शेंदरी पट्ट्याचं एक नवं वळं. तीन दिवसांत शेजारच्या बायका यायला लागल्या. पाचव्या दिवशी गाळ्याबाहेर चपलांचा ढीग पाहून एका ट्रक ड्रायव्हरने विचारलं, "यहाँ सेल लगा है क्या?"

सहाव्या दिवशी हिरामण आला.

हिरामण हा केसरीनाथांचा चुलत भाऊ. वय चव्वेचाळीस. हळदीच्या मांडवांना लाइटिंग आणि डीजे पुरवायचा त्याचा धंदा. कुठे अंधार दिसला की त्यात दोन हॅलोजन लावल्याशिवाय त्याच्या जिवाला स्वस्थता नसे. त्याने पिशवीपुढे डोळे मिटले, उघडले आणि देवाचं नाव जाहीर केलं. वळोबा. मग त्याने पट्टे मोजले, उरलेली जागा वितीने मापली आणि सांगितलं, "वळोबा वर चढतोय. पंचविसावं वळं वरच्या गाठीला पोचंल, त्या दिवशी इथं भंडारा. गाळ्यात देऊळ."

"हिरामणकाका," निशा म्हणाली, "ही बुरशी आहे. तुम्ही आरतीला ट्यूबलाइट लावता. उजेड पडला की ती बीजाणू तयार करते, ती ही शेंदरी पूड. उजेड नाही तर वाढते पण बीजाणू करत नाही, ती पांढरी जागा. रोज एकदा दिवा, म्हणून रोज एक वळं. उद्या तुम्ही आरतीऐवजी डीजे लावलात आणि दिवा लावलात, तरी येईल."

बायकांमध्ये कुजबुज झाली. डीजेचा उल्लेख हिरामणला लागला.

"म्हंजे दिवा न्हाय, तर वळं न्हाय?"

"नाही."

"मग अकरा दिवस दार बंद. दिवा न्हाय, आरती न्हाय. चावी वहिनीकडं. एक पन वळं आलं नाय, तर पिशवी तुझी, उकळ न्हाय तं भाजी कर. आलं, तर तू पुन्हा तोंड उघडायचं न्हाय."

निशाने लगेच हो म्हटलं. तिने आठव्या वळ्याच्या वर लाल दोरा बांधला, काळी कापडं ठाकठीक केली, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या. कमळने कुलूप लावून चावी मंगळसूत्रात अडकवली. ते अकरा दिवस निशा इतकी निर्धास्त होती की तिने बाकीच्या पिशव्यांकडेही जायला मिळत नाही याची तक्रार केली नाही.

अकराव्या दिवशी संध्याकाळी सातला दार उघडलं. ट्यूबलाइट लागली. गर्दी इतकी होती की केसरीनाथांना आपल्याच गाळ्यात शिरायला जागा मिळेना.

दोऱ्याच्या वर वळी होती. स्वच्छ, सारख्या अंतरावर, आधीच्यांपेक्षा जरा फिकट. हिरामणने मोठ्याने मोजली. बारा.

"अकरा दिवसांची अकरा," तो म्हणाला, "आनि एक वळोबाकडून वरचं."

लोक पाया पडले. निशाने वाकून पुन्हा मोजली. बाराच भरली. प्रितमने तिच्याकडे पाहायचं टाळलं, आणि ते तिला हिरामणच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. गर्दीत एकटी कमळ वळोबाकडे न बघता सुनेकडे बघत होती. जिंकल्यावर बरं वाटेल असं तिला वाटलं होतं, तसं काही वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी निशाने कॉलेजातल्या हेमाली मॅडमना फोन लावला. मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, वळोबापाशी मात्र त्यांना हसू आवरेना.

"तू दिवा काढून घेतलास," त्या म्हणाल्या, "घड्याळ कुठे काढून घेतलंस? त्या बुरशीच्या आत घड्याळ असतं. दिवसातून ठरावीक वेळी बीजाणू करायचे, मग थांबायचं, मग पुन्हा. उजेडाने ते घड्याळ फक्त जुळवलं जातं. अंधारात ठेवलंस तरी ते चालूच राहतं. सगळ्या वाणांमध्ये एवढं ठळक दिसत नाही, तुझा वाण भलताच गुणी निघाला."

"पण मग बारा का? अकरा का नाहीत?"

"तिचा दिवस साधारण बावीस तासांचा असतो. गुणाकार कर."

निशाने भिंतीवरच्या कॅलेंडरवर गुणाकार केला. अकरा चोवीस दोनशे चौसष्ट. बारा बावीस दोनशे चौसष्ट. तिला हसूही आलं आणि रडूही. परीक्षेत तिने हाच धडा ऐच्छिक म्हणून सोडला होता.

दुपारी कमळ ओट्यापाशी बसून कोलंबी सोलत होती. निशा तिच्या शेजारी बसली आणि दुसरी सुरी घेऊन सोलता सोलता तिने सगळं सांगितलं. वाद घालायला नव्हे. कोणाला तरी सांगायचं होतं आणि घरात दुसरं कोणी ऐकलं नसतं.

कमळने सोललेली कोलंबी वाडग्यात टाकली. मग म्हणाली, "तुझे सासरे नारपोलीला आपल्याच कापडाच्या लूमवर होते तवा सकाळची शिफ्ट. मी चारला उठून भाकऱ्या टाकायची. लूम विकून वीस वर्सं झाली. आता चारला उठून करायचं काय, तरी डोळा उघडतो. गजर न्हाय, कोंबडा न्हाय. गेल्या वर्षी डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी होती, रात हाय का दिवस कळत नव्हतं. तवा पन चारला जाग."

"तेच," निशा म्हणाली. "तसंच त्याच्या आत आहे."

"आनि त्याचा दिवस दोन तासांनी लहान."

"हो. रोज उजेड दिसला की तो आपल्या चोवीस तासांशी जुळवून घेतो. अंधारात जुळवून घ्यायला कोणीच नाही, मग आपल्याच चालीने चालतो."

कमळने एका कोलंबीचा काळा दोरा ओढून काढला. "म्हंजे देव न्हाय."

"नाही, आई."

"पन वेळेचा पक्का हाय." ती पुढची कोलंबी उचलून म्हणाली, "मी आरती बंद करते. पन आता ती माजी राह्यली कुठं."

ते खरं होतं. वळोबा एव्हाना हिरामणच्या ताब्यात गेला होता. बारा वळ्यांच्या चमत्कारानंतर त्याने पिशवीची खालची भोकं मोठी करून आतली शेंदरी पूड वाटायला सुरुवात केली. कपाळाला टिळा, घरी न्यायला पुडी. निशाने ओरडून सांगितलं, की हे बीजाणू आहेत, फुफ्फुसात जातात, पसरतात. ठरल्याप्रमाणे तिने तोंड उघडायचं नव्हतं, म्हणून कोणी ऐकलं नाही. दोन दिवसांत आरतीत टाळ्यांपेक्षा खोकल्याचा आवाज मोठा झाला. तिसऱ्या दिवशी राहनाळातल्या घराघरांत पावांना शेंदरी लव आली. सकाळी घेतलेली लादी दुसऱ्या दिवशी देवरूप. एक दिवस याचंही कौतुक झालं. मग शेजारची दिपाली आपल्या दोन मुलांच्या डब्यातले पाव ताटात घेऊन आली आणि हिरामणला विचारू लागली, "दादा, हे पुजायचं का टाकायचं तेवढं सांगा. पोरं उपाशी शाळेत गेली."

हिरामणने पुजायचं म्हणून सांगितलं. पण ताट परत नेताना दिपालीच्या चेहऱ्यावर भक्ती फारशी नव्हती.

बारा वळी मोजली त्याच्या दुसऱ्याच संध्याकाळी हिरामणने गाळ्यात लाइटिंग केलं होतं. वळोबासारख्या देवाला एकटी ट्यूबलाइट म्हणजे गावाची अब्रू गेली, असं त्याचं मत. हळदीचा सीझन अजून पुरता सुरू झाला नव्हता, माल पडूनच होता. चार हॅलोजन, रंग बदलणाऱ्या एलईडीच्या माळा आणि पिशवीच्या मागे गोल फिरणारं चक्र. अखंड ज्योत म्हणून हे सगळं दिवसरात्र चालू राहणार होतं. काळी कापडं त्याने काढून टाकली आणि त्यांची पायपुसणी केली. निशाने ते पाहिलं. मग ती चंद्राच्या कानात म्हणाली, "थांब. गंमत बघू."

अखंड उजेडाच्या पहिल्या दिवशी विसाव्या वळ्याच्या वर शेंदरी रंग चढला. दुसऱ्या दिवशी आणखी चढला. पण मध्ये पांढरी जागा आलीच नाही. तिसऱ्या, चौथ्या दिवशीही नाही. पाचव्या संध्याकाळी पिशवीचा वरचा दीड वितीचा भाग सरसकट शेंदरी झाला होता, भिंतीला गेरू फासावा तसा. वळं कुठे संपतं, कुठे सुरू होतं, काही कळेना. वर जेमतेम एका वळ्यापुरती जागा उरली होती.

लोक जमले होते. हिरामणने मोजायला बोट पुढे केलं आणि ते विसावर येऊन अडकलं.

"वळोबा कोपला," तो म्हणाला. कोणी काही विचारायच्या आत त्याने कारणही शोधलं. "कोनीतरी विटाळशीनं पाय ठेवलाय हितं." आणि त्याने चंद्राकडे पाहिलं. मग लोकांनीही पाहिलं.

चंद्रा झाडू घेऊन उभी होती. तिचा चेहरा उतरला. निशा पुढे झाली, पण त्याआधी कमळ बोलली. तिचा आवाज मोठा नव्हता. गर्दीत तिला बोलताना बहुतेकांनी पहिल्यांदाच ऐकलं.

"हिरामण, तुजा जन्म जाला तवा मी वीस वर्सांची नवी सून होते," ती म्हणाली. "तुज्या आयशीचं बाळंतपन मी केलं. तुला पुसून काढला मी. त्या खोलीत विटाळ केवढा होता ते मला ठावं हाय, आनि त्यातूनच तू आलास. चंद्राला बोलायचं न्हाय."

मागे कोणी तरी हसलं. हिरामण म्हणाला, "वहिनी, मी देवाचं बोलतोय."

"मी पन त्याचंच बोलते. पाच दिवस जाले, तू त्याला झोपू दिला न्हाय."

"देवाला कसली झोप?"

"यो देव न्हाय. यो बुरा हाय, पावावरचा. त्याच्या आत घड्याळ हाय. रोज थोडा वेळ काम करतो, मग थांबतो, मग पुन्हा उठतो. म्हनून वळी येतात. अंधारात ठेवला तरी आपल्या वेळेला उठतो, म्हनून अकरा दिवसांत बारा आली. त्याचा दिवस बावीस तासांचा. पन चोवीस तास डोळ्यावर हॅलोजन मारला तर त्यालाच कळत न्हाय कधी थांबायचं. नुसता राबतोय येड्यासारखा." ती जरा थांबली. "हात मी पयला जोडला. चूक माजी. माजी सून पयल्या दिवसापासून सांगत होती."

केसरीनाथ चव्वेचाळीस वर्षं या बाईबरोबर जेवले होते. त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, की ही कोण आणि कधी आली.

हिरामणने शेवटचा प्रयत्न केला. "वहिनी, हे सगळं सिद्ध कुठं जालंय?"

"दिवे बंद करा," निशा म्हणाली. "कापडं परत लावा. उरलेल्या जागेत एक वळं येईल. तुम्ही कोणी आरती करू नका, वळोबा म्हणू नका, हवं तर शिव्या द्या. तरी येईल."

लोकांना खरं तर हेही बघायचं होतं, पण तोवर दिपाली घराकडे चालू लागली होती. तिच्यामागे आणखी चौघी. मग खोकणारे म्हातारे गेले. देव कोपला म्हणून थांबायला लोक तयार होते, देव दमला म्हणून थांबायचं कसं ते कोणाला माहीत नव्हतं. कमळने भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला. हिरामणचं फिरतं चक्र अर्ध्या फेरीत थांबलं.

दोन दिवसांनी सकाळी तिघींनीच दार उघडलं. निशाने बॅटरीवर लाल कागद गुंडाळला होता, कारण या बुरशीला लाल उजेड दिसत नाही. गेरूसारख्या त्या रापाच्या वर पांढरी रेघ होती आणि तिच्यावर, अगदी गाठीशी, एक नीटस वळं. कमळ त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. हात जोडले नाहीत.

"उठला बिचारा," ती म्हणाली. "आता उतरवा."

पिशवी ड्रमात गेली. तिच्या मागोमाग उरलेल्या एकोणचाळीसही गेल्या, कारण प्लास्टिकच्या पडद्याने बीजाणूंना काही फरक पडला नव्हता आणि निम्म्या पिशव्यांना शेंदरी लव लागली होती. चंद्राने नाकाला पदर बांधून ड्रम ढवळला. निशाने गाळा भिंतीपासून छपरापर्यंत धुतला, ब्लीचिंग पावडर मारली, पंधरा दिवस बंद ठेवला. पहिलं पीक पूर्ण गेलं. त्या रात्री जेवताना केसरीनाथ "मी सांगितलं होतं" म्हणायला गेले, पण बायकोने वर बघितलं तसे ते आमटी वाढ म्हणाले.

दुसऱ्या खेपेला कमळ स्वतः पेंढा उकळायला उभी राहिली. पिशव्या भरायच्या वेळी तिने एकेकीला वेळ आणि तारीख लिहून चिठ्ठी लावली. धिंगरी फुटली तेव्हा काढणीचं काम तिनेच घेतलं. छत्रीची कड खाली वळलेली असते तोवर कापायची, ती सरळ झाली की पांढरी पूड झडते आणि पुन्हा खोकला, एवढं तिने निशाकडून एकदाच ऐकलं आणि मग निशालाच ऐकवायला लागली. तिला जाग चारला येतच होती. आता सहापर्यंत पाट्या भरून दारात ठेवलेल्या असत.

मार्चमध्ये हिरामण गाळ्यावर आला. आत शिरला नाही, दारातच उभा राहिला. एका हळदीला माळकरी पाहुणे होते, मटण चालणार नव्हतं, आणि यजमानांनी कुठे तरी धिंगरीचं नाव ऐकलं होतं.

"दहा किलो मिळंल का, वहिनी?"

"मिळंल. सकाळी साडेचारला ये," कमळ म्हणाली.

"एवढ्या लवकर कोन उठतो?"

"मग तुला दुपारची शिळी देते," ती म्हणाली आणि पुढची छत्री कापायला वाकली.